जठरावरचा विद्युत-उत्तेजक आणि मानेवरून मोजलेला व्हेगसचा प्रतिसाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जठरावर बसवलेल्या उत्तेजकाची मात्रा ठरवताना, सुई न टोचता, मानेच्या त्वचेवरूनच व्हेगसचा, म्हणजे मेंदूला जठरासारख्या अवयवांशी जोडणाऱ्या नर्व्हचा, प्रतिसाद मोजता येईल का, हा मूळ प्रश्न. त्याला फुटलेले फाटे खाली दिले आहेत. सुरुवातीचे प्रश्न रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत. पुढचे बरेचसे रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे आहेत.

१. गॅस्ट्रोपॅरेसिसमध्ये नेमकं काय बिघडतं, आणि त्यावर वीज कशासाठी?

वाटेत कुठेही अडथळा नसताना जठर उशिरा रिकामं होणं म्हणजे गॅस्ट्रोपॅरेसिस. मळमळ, उलट्या, चार घासांत पोट भरणं आणि फुगारा ही नेहमीची लक्षणं. निदानासाठी किरणोत्सारी खूण मिसळलेलं ठरावीक जेवण देतात आणि चार तास जठराच्या प्रतिमा घेतात. चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरातच उरलं असेल, तर जठर मंद आहे असं मानतात. मधुमेह आणि ऑपरेशनमध्ये नर्व्हला झालेली इजा ही ओळखीची कारणं. पुष्कळ जणांत मात्र कारण सापडतच नाही.

आहार बदलून आणि औषधं घेऊनही उलट्या हटत नाहीत, अशांसाठी उत्तेजकाचा विचार होतो. दोन तारांची टोकं जठराच्या मोठ्या वक्राच्या स्नायूंत, पायलोरसपासून (जठरातून अन्न बाहेर पडतं त्या तोंडापासून) साधारण १० सेंटीमीटरवर, एकमेकांपासून १ सेंटीमीटर अंतरावर बसवतात. बॅटरीची डबी पोटाच्या त्वचेखाली राहते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांच्या नियामक संस्थेने) २००० साली या उपकरणाला परवानगी दिली. ती ह्युमॅनिटेरियन डिव्हाइस एक्झेम्प्शनखालची आहे, म्हणजे मर्यादित वापरापुरती.

२. म्हणजे हा पोटाचा पेसमेकरच ना?

नाही, जरी बोलताना सगळे तसंच म्हणतात. जठराची स्वतःची लय मिनिटाला साधारण ३ लहरींची असते आणि ती जठराच्या भिंतीतल्या काहालच्या पेशी राखतात. ती लय ओढून आणायची तर दहापासून शेकडो मिलिसेकंदांपर्यंत लांबीच्या पल्स, म्हणजे विजेचे ठोके, लागतात. नेहमीच्या उत्तेजकाची पल्स असते ३३० मायक्रोसेकंदांची. एवढ्या तोकड्या पल्सने गुळगुळीत स्नायू हलत नाही. नर्व्हचे तंतू मात्र जागे होऊ शकतात. म्हणून परिणाम मुख्यतः व्हेगसमार्गे मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांतून होतो, हा आजचा सगळ्यात पटणारा खुलासा आहे. मानेवर मोजमाप करण्याची कल्पना त्यातूनच निघाली.

३. सुरुवातीचं सेटिंग काय असतं?

५ मिलिअँपिअर, ३३० मायक्रोसेकंद, १४ हर्ट्झ, ०.१ सेकंद चालू, ५ सेकंद बंद. चालू असलेल्या ०.१ सेकंदात ७१ मिलिसेकंदांच्या अंतराने दोनच पल्स बसतात. म्हणजे दर ५.१ सेकंदांनी एक जोडी. हा ५.१ चा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न ८ मध्ये तो त्रास देणार आहे.

४. उत्तेजक पोटात, मग प्रतिसाद मानेवर का शोधायचा?

कारण व्हेगस त्वचेच्या त्यातल्या त्यात जवळ येते ती मानेत. स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड स्नायूच्या आड, कॅरोटिड धमनी आणि जुग्युलर शिरेच्या सोबतीने ती एकाच आवरणातून जाते. तिचे सुमारे ८० टक्के तंतू अवयवांकडून मेंदूकडे जाणारे आहेत. जठराची खबर वर पोहोचवणारे बहुतेक तंतू बारीक, आवरण नसलेले सी तंतू असतात.

वेग माहीत असेल तर प्रतिसाद केव्हा दिसायला हवा याचं गणित मांडता येतं. जठरावरच्या तारेपासून मानेपर्यंतची वाट ४५ सेंटीमीटर धरू. सेकंदाला १० मीटर वेगाचा तंतू ४५ मिलिसेकंदांत पोहोचेल, १ मीटर वेगाचा ४५० मिलिसेकंदांत. सी तंतूंचा वेग साधारण ०.५ ते २ मीटरच्या दरम्यान असतो. त्यामुळे त्यांचा प्रतिसाद २२५ ते ९०० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात पसरतो. निघताना एकत्र निघालेली दिंडी पोहोचताना लांबत जावी तसं हे होतं, आणि म्हणून एक उंच टोकदार शिखर दिसत नाही, बसका उंचवटा दिसतो. जे लोक पहिल्या ५० मिलिसेकंदांतच शोधून थांबतात, त्यांच्या हाती जठराचे बहुतेक तंतू लागतच नाहीत.

५. त्यासाठी इलेक्ट्रोगॅस्ट्रोग्राम आहेच की?

तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. १९२२ साली वॉल्टर अल्वारेझ यांनी पोटाच्या त्वचेवरून जठराच्या लहरी नोंदवल्या. आज ६४ इलेक्ट्रोडच्या पट्टीने त्या लहरींचा नकाशाही काढता येतो. पण त्यातून कळते ती स्नायूची लय: २ ते ४ लहरींच्या पट्ट्यात आहे का, जेवणानंतर जोर वाढतो का. उत्तेजकाची पल्स नर्व्हला पोहोचली का, हे त्यात दिसत नाही. दोन्ही चाचण्या करणं उत्तम, पण एकीच्या जागी दुसरी चालणार नाही.

६. घड्याळावर हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) दिसते. तिच्यावरून व्हेगसचं काम कळत नाही का?

ती हृदयाकडे जाणाऱ्या तंतूंची गोष्ट आहे, तीही श्वासाच्या लयीत मिसळलेली. जठराकडून वर येणारे तंतू वेगळे. शिवाय रात्रीची झोप, चहा-कॉफी, ताप, चिंता यांतल्या कशानेही तो आकडा हलतो. उत्तेजकाची मात्रा त्यावर ठरवू नये.

७. मानेवरची चाचणी प्रत्यक्षात कशी करतात?

वेदना होत नाहीत. चिकटपट्ट्या, वायरी आणि बराच वेळ निपचित पडून राहणं, एवढंच. क्रम साधारण असा:

रुग्ण उपाशीपोटी, डोकं थोडं उंच ठेवून उताणा झोपतो. मानेखाली उशी अशी सरकवायची की मानेचा स्नायू पूर्ण सैल पडेल. स्नायूची कडा बोटाने चाचपून ठरवतात, अल्ट्रासाउंड हाताशी असेल तर धमनीची जागा पाहून खूण करतात. धमनीवर दाबायचं किंवा चोळायचं नाही. कॅरोटिड सायनसवर, म्हणजे धमनीच्या रक्तदाब जाणणाऱ्या भागावर, दाब आला तर नाडी आणि रक्तदाब झपकन उतरू शकतो.

त्वचा अल्कोहोलने पुसून, खरखरीत जेलने हलकेच घासून घ्यायची. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे छोटे इलेक्ट्रोड नर्व्हच्या वाटेवर १ सेंटीमीटर अंतराने ओळीत लावतात, शक्यतो दोन्ही बाजूंना. इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो सगळ्या इलेक्ट्रोडवर जवळजवळ सारखा हवा, कारण दोन इलेक्ट्रोडमध्ये तफावत असली की घरातल्या विजेची घुरघुर आत शिरते. ग्राउंड खांद्यावर किंवा छातीच्या हाडावर लावतात.

मग दोन जादा चॅनेल, जे नवखे हमखास विसरतात. एक हृदयाच्या ईसीजीचा. दुसरा पोटावर, डबीच्या शेजारी. शरीरातला उत्तेजक बाहेर ट्रिगर देत नाही. आपण पल्स केव्हा दिली हे तो सांगत नाही. ते पोटावर उमटणाऱ्या आर्टिफॅक्टवरूनच, म्हणजे उत्तेजकाच्या विजेच्या थेट ठशावरूनच, ओळखावं लागतं. म्हणून सॅम्पलिंग (नोंदीचे बिंदू) सेकंदाला २०,००० तरी ठेवा: ३३० मायक्रोसेकंदांच्या पल्सवर सहा-सात बिंदू मिळतात. २,००० वर ठेवलंत तर दोन बिंदूंमधलं अंतरच ५०० मायक्रोसेकंद होतं आणि काही पल्स मधूनच निसटतात.

आधी उत्तेजक बंद ठेवून १० मिनिटं नोंद, मग नेहमीच्या सेटिंगवर, मग डॉक्टरांनी ठरवलेल्या एकेका पायरीवर. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा थोडा वेळ बंद. बोलणं, गिळणं, खोकणं झालं की त्या क्षणी खूण करायची.

८. इतका वेळ का लागतो? आणि सरासरी काढूनही गोंगाट जात नाही तो का?

त्वचेवर पोहोचेपर्यंत नर्व्हचा सिग्नल मायक्रोव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून लहान उरतो. मानेच्या स्नायूचा आवाज त्याच्या कैक पट असतो आणि ईसीजी तर मिलिव्होल्टमध्ये. एकाच जोडीनंतरच्या नोंदीत काही दिसणार नाही. शंभर जोड्यांची सरासरी काढली की अनियमित गोंगाट दहापट घटतो, चारशेंची काढली की वीसपट. म्हणजे वर्गमुळाच्या हिशोबाने. शंभर जोड्यांना साडेआठ मिनिटं लागतात, चारशेंना ३४. त्यात खोकल्याने बाद झालेल्या जोड्यांची भर पडते. तीन सेटिंगं तपासायची म्हटली की अर्धा दिवस गेलाच.

आता त्या ५.१ सेकंदांकडे येऊ. सरासरीने गोंगाट जातो, पण तो उत्तेजकाच्या चक्राशी जुळलेला नसेल तरच. आणि इथे आकडे वाईट जुळून आलेत. ५० हर्ट्झच्या विजेची ५.१ सेकंदांत बरोबर २५५ आवर्तनं होतात, ६० हर्ट्झची ३०६. दोन्ही पूर्णांक! त्यामुळे चक्र तंतोतंत चालत असेल तर घरातल्या विजेची घुरघुर दर वेळी त्याच टप्प्यावर येते आणि कितीही जोड्या घेतल्या तरी सरासरीत तशीच उभी राहते. नाडीचंही तसंच. मिनिटाला ७०.६ ठोके पडत असतील तर ५.१ सेकंदांत नेमके सहा ठोके बसतात. विश्रांतीतल्या माणसाची नाडी त्याच सुमाराला असणं अगदी शक्य आहे. श्वासही मिनिटाला बाराच्या आसपास आला की चक्राबरोबर चालू लागतो.

उपाय: विजेचा हिस्सा सरासरी काढण्याआधीच गाळा. ईसीजीचा ठोका मोजणीच्या खिडकीत पडला असेल ती जोडी टाकून द्या. बंदचा अवधी बदलण्याची परवानगी असेल तर तो थोडा बदलून पुन्हा नोंद घ्या. आकृती खरी असेल तर जागेवर राहते, जुळणीची असेल तर विरते.

९. दिसतंय ते नर्व्हचंच आहे, स्नायूचं किंवा आर्टिफॅक्टचं नाही, हे कसं ठरवायचं?

या विषयातला खरा अवघड प्रश्न हाच. सुंदर वक्र मिळाला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो, म्हणून आधी त्याला खोटं पाडायचा प्रयत्न करावा.

पहिली कसोटी वेळेची. आर्टिफॅक्ट पल्सबरोबरच, शून्य उशिराने, सगळ्या चॅनेलवर एकदम येतो. नर्व्हचा प्रतिसाद उशिरा येतो आणि खालच्या इलेक्ट्रोडवर आधी, वरच्यावर नंतर दिसतो. १ मीटर वेगाला १ सेंटीमीटरमागे १० मिलिसेकंदांचा फरक पडायला हवा, १० मीटर वेगाला १ मिलिसेकंदाचा. आणखी एक ताळा: खालच्या-वरच्या इलेक्ट्रोडमधल्या फरकावरून काढलेला वेग आणि पोट-ते-मान या एकूण उशिरावरून काढलेला वेग जवळपास सारखे आले पाहिजेत. स्नायूच्या तंतूत लहर सेकंदाला साधारण ४ मीटरने जाते. तुमचा वेग मानेच्या इलेक्ट्रोडवर ४ मीटर आणि एकूण हिशोबात ०.८ मीटर निघत असेल, तर ते स्नायूचं आखडणं आहे.

दुसरी कसोटी मात्रेची. प्रवाह दुप्पट केला की आर्टिफॅक्ट दुप्पट होतो, सरळ रेषेत, शून्यापासून. नर्व्हला उंबरठा असतो: त्याखाली काही नाही, त्यावर झपाट्याने वाढ, मग सपाटी. तिसरी कसोटी दिशा उलटवण्याची: तारांची धन-ऋण अदलाबदल केली की आर्टिफॅक्ट उलटा होतो, नर्व्हचा प्रतिसाद सहसा उलटत नाही, फार तर किंचित सरकतो.

एक फसवा प्रकार वेगळा सांगायला हवा. रुग्णाला पोटात टिचकी जाणवत असेल तर तो नकळत मान आवळतो किंवा आवंढा गिळतो. हा प्रतिसाद उशिराने येतो, त्याला उंबरठाही असतो, म्हणजे वरच्या दोन कसोट्या तो पास होतो! त्याला पकडायला मानेच्या स्नायूवर, नर्व्हपासून दूर, एक चॅनेल हवा. तिथेही तोच उंचवटा जास्त ठळक दिसला, तर नर्व्हचं नाव घेऊ नका.

१०. काहीच दिसलं नाही. यंत्र बिघडलं का?

आधी पोटाचा चॅनेल पाहा. तिथे आर्टिफॅक्टच नसेल तर उत्तेजक बंद आहे, बॅटरी संपली आहे किंवा तार तुटली आहे. आर्टिफॅक्ट आहे पण लहान झाला आहे, तर इम्पीडन्स तपासा. व्होल्टेज कायम ठेवणाऱ्या उत्तेजकात हे विशेष घडतं: ५०० ओहमला २.५ व्होल्टने ५ मिलिअँपिअर मिळतात. ऑपरेशननंतर भोवती चट्टा धरून ओहम ७०० झाले की त्याच २.५ व्होल्टने ३.६ उरतात. पडद्यावरचं सेटिंग मात्र जसंच्या तसं दिसत राहतं.

हे सगळं ठीक असूनही शून्य मिळालं, तर जाड मान, आखडलेला स्नायू किंवा कमी जोड्या ही सर्वसाधारण कारणं. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. नर्व्हच खराब असण्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

११. प्रतिसाद मिळाला की सेटिंग कसं ठरवतात?

नुसत्या लक्षणांवर सेटिंग बदलत गेलं की प्रत्येक बदलानंतर आठवडे थांबावं लागतं, आणि मळमळीचे चांगले-वाईट दिवस आपोआपही येत-जात असतात. प्रतिसाद मोजता आला तर त्याच बैठकीत कळतं की आपण उंबरठ्याखाली आहोत की वर. उंबरठ्याखाली असाल तर आधी प्रवाह वाढवायचा, उदाहरणार्थ ५ वरून ७.५. बारीक तंतू गाठायचे तर पल्स रुंद करण्याचाही उपयोग होतो. ५ मिलिअँपिअर गुणिले ३३० मायक्रोसेकंद म्हणजे एका पल्समागे १.६५ मायक्रोकूलंब. प्रवाह वाढवा किंवा रुंदी, तुलना नेहमी या आकड्यावर करा. सपाटी आल्यावर आणखी वाढवण्यात बॅटरी खर्च होते, तंतू नवे मिळत नाहीत.

चालू अवधी ०.१ वरून १ सेकंद करण्याची पायरी सर्रास वापरली जाते. तिच्यात मिनिटाच्या पल्स सुमारे २४ वरून १४० होतात, जवळजवळ सहापट. बॅटरीवर ताण येतोच, शिवाय मोजमापही अडतं: सी तंतूंचा ४५० मिलिसेकंदांवरचा प्रतिसाद आता पल्सच्या माळेतच सापडतो. म्हणून उंबरठा शोधायचा तो ०.१ सेकंदाच्या सेटिंगवर, आणि मगच अवधी वाढवायचा.

हे बदल प्रोग्रामर (सेटिंग बदलायचं यंत्र) हाताळणाऱ्या डॉक्टरांनीच करायचे असतात.

१२. प्रतिसाद छान दिसतो, पण उलट्या तशाच आहेत. असं कसं?

मोजमाप एवढंच सांगतं की संदेश मानेपर्यंत गेला. मेंदूने त्याचं काय केलं, ते सांगत नाही. उत्तेजकाचा परिणामही माफकच आहे. फ्रान्समध्ये १७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उत्तेजक चालू असताना उलट्या कमी झाल्या, पण जठर लवकर रिकामं झालं नाही आणि जीवनमानाच्या गुणांत फरक दिसला नाही. प्रतिसाद असूनही लक्षणं टिकली, तर सेटिंगमागे न लागता साखर, अफूजन्य वेदनाशामकं, गांजाचा नियमित वापर, पायलोरसचा घट्टपणा यांकडे पाहावं. उलट बाजूही आहे: प्रतिसाद दिसत नाही पण रुग्णाला बरं वाटतंय, तर सेटिंगला हात लावू नये.

१३. जुना मधुमेह आहे, किंवा पोटाच्या ऑपरेशनमध्ये व्हेगस कापली आहे. मग ही चाचणी करावी का?

मधुमेहात बारीक तंतू झिजतात, त्यामुळे प्रतिसाद लहान आणि उशिरा येणं अपेक्षितच. त्याची तुलना दुसऱ्या कुणाशी नको, त्याच रुग्णाच्या आधीच्या नोंदीशी करा. रक्तातली साखर चढलेली असताना जठर आणि व्हेगस दोन्ही वेगळं वागतात, म्हणून दर वेळी साखर मोजून नोंदीवर लिहा.

व्हेगस पूर्ण कापलेली असेल तर मानेवर जठराचा प्रतिसाद येण्याची वाटच राहत नाही. तरीही उत्तेजकाने काहींना आराम पडू शकतो, कारण जठराचे काही तंतू स्प्लँक्निक नर्व्हमधून पाठीच्या कण्यात जातात. ती वाट मानेवरच्या इलेक्ट्रोडला दिसत नाही. अशा रुग्णात स्वच्छ, देखणा प्रतिसाद मिळाला तर आनंदू नका, प्रश्न ९ पुन्हा वाचा.

१४. उत्तेजक बसवण्याआधीच कळेल का की फायदा होईल?

एंडोस्कोपीतून तात्पुरती तार जठराच्या अस्तराला लावून काही दिवस चाचणी घेतात. त्या काळात मानेवरची नोंद घेता येते, आणि बाहेरचा उत्तेजक वापरत असल्याने ट्रिगरची अडचणही नसते. मात्र अस्तरावरची तार आणि स्नायूतली तार यांचा उंबरठा एक नसतो. तिथला आकडा पुढे कायमच्या उत्तेजकाला लावू नये.

१५. हृदयाचा पेसमेकर किंवा अपस्मारासाठी मानेतला व्हेगस उत्तेजक आधीच आहे. चालेल?

मानेवरचे इलेक्ट्रोड फक्त ऐकतात, वीज सोडत नाहीत, त्यामुळे त्यांचा धोका नाही. पण जठराच्या उत्तेजकाची मात्रा बदलताना हृदयाचं उपकरण ती पल्स हृदयाचा ठोका समजत नाही ना, हे त्या उपकरणाच्या तज्ज्ञाने तपासायला हवं. मानेतला व्हेगस उत्तेजक बहुधा डाव्या बाजूला असतो. तो चालू असताना त्या बाजूची नोंद निकामी समजा आणि उजवीकडे मोजा.

१६. एमआरआय, डायथर्मी?

डायथर्मी (शरीर आतून तापवणारा विद्युत उपचार) नको. एमआरआय उपकरणाच्या नेमक्या मॉडेलवर आणि शरीराच्या कोणत्या भागाचा करायचा यावर अवलंबून आहे. उपकरणाचं कार्ड दाखवल्याशिवाय मशीनमध्ये जाऊ नका. मानेवरचे इलेक्ट्रोड अर्थातच आधी काढायचे.

१७. ही चाचणी कोणत्याही रुग्णालयात करून मिळेल?

नाही. उत्तेजक वापरात आहे, पण मानेवरून मोजून त्याची मात्रा ठरवणं अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

१८. प्रतिसाद फक्त डाव्या बाजूला येतो, उजवीकडे नाही. उजवी नर्व्ह खराब आहे का?

लगेच तसं म्हणू नका. अन्ननलिकेच्या शेवटाला डाव्या व्हेगसचे तंतू मुख्यतः जठराच्या पुढच्या बाजूला येतात, उजव्याचे मागच्या. तारा पुढच्या भिंतीकडे झुकलेल्या असतील तर डावीकडे जास्त दिसणं साहजिक आहे. इलेक्ट्रोड बाजू बदलून लावा, डोकं दुसरीकडे वळवून पुन्हा शंभर जोड्या घ्या. तरीही फरक राहिला तर ऑपरेशनच्या टिपणात तारांची जागा पाहा. तारा मागच्या बाजूला असल्याचं लिहिलेलं असेल आणि तरी उजवीकडे काही नसेल, तेव्हाच उजव्या नर्व्हबद्दल शंका घ्या.